मामीच्या गोबरगॅसवर माझं संशोधन

२ मे १९९६, बदनापूर
आजपासून उन्हाळी ऊर्जा संशोधन शिबिर सुरू. दहावीची परीक्षा देऊन बसलेली पाच पोरं. कॉलेजच्या आधीच एनर्जी इंजिनिअर करून सोडणार. संचालक मी. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी मीच सोडला. वर्कशॉपच्या सरांना अक्कल नव्हती, तसं तोंडावर सांगितलं. प्रयोगशाळा : सगुणामामीचा गोबरगॅस. सहायक : शेजारची उषा, बी.एस्सी. फिजिक्स. ७ जूनला तिचे वडील साहेबराव गुरुजी प्रात्यक्षिक बघणार. मंग लगेच उषाला मागणी.

५ मे
गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत नवा पाइप टाकला. भिंतीत एक सांधा आला. बराबर मापाचा जोड मिळेना, सायकलची ट्यूब गुंडाळली, वरून मातीने लिंपलं. आता दिसत बी न्हाई. उषा म्हणाली, दिसत नाही त्याचीच भीती वाटते. किती काळजी माझी!

११ मे, सकाळी सहा
गॅस साठला की लोखंडी टाकी वर येते, वापरला की खाली बसते. शिबिरातली मैमूना नावाची पोरगी सकाळ-संध्याकाळ तिची उंची मोजते. तिचं म्हणणं, रात्री शेगडी बंद असते तरी टाकी आठ बोटं बसते. मी सांगितलं, हवा गार पडली की गॅस आकसतो. उषा म्हणाली, आकसून दोन बोटं. आवाज चढला माझा. उद्यापासून रागवायचं नाही.

१२ मे
रागावलो. मैमूनाने वहीत ‘गळती?’ लिहिलं होतं. पान फाडलं. तिने पुढच्या पानावर पुन्हा लिहिलं.

१५ मे
ज्योत बारीक. दाब वाढवायला टाकीवर दोन दगड ठेवले. रात्रीत टाकी बारा बोटं बसली. मामी म्हणते, घरात सडक्या अंड्याचा वास येऊन राह्यला, डोकं गरगरतं. म्हटलं, उन्हाचं असेल.

२४ मे
दगड सहा. मांजर स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही. मांजराला विज्ञानातलं काय कळतं! उषाने खिडकी उघडली, मी लावली. वाऱ्याने ज्योत हलते. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. लक्षण चांगलं.

७ जून, सकाळी
दगड नऊ. खिडकी गच्च बंद. मामी आत चहाची तयारी करतेय. गुरुजी आले.

७ जून, दुपारी
स्वयंपाकघराच्या दारात मी काडीपेटी काढली. उषाने माझं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, आत्ताच गुरुजींना सांगून टाकावं.
ती म्हणाली, “देवाभाऊ, काडी ओढू नका. मामी आत पडल्यात.”
मैमूनाने टाकीजवळचा कॉक बंद केला. बाकीच्या पोरांनी मामीला उचलून लिंबाखाली खाटेवर आणलं. तासाने तिने डोळे उघडले. मंग दारं-खिडक्या उघडून, कॉक जरासा सोडून, पोरांनी भिंतीला साबणाचं पाणी लावलं. फुगेच फुगे.
गुरुजी टाकीवरचा एकेक दगड स्वतः उतरवत होते. मागणीचं राहून गेलं.

८ जून
पोरांचा अहवाल गुरुजी शाळेत ठेवणार. शेवटचं पान उषाने लिहिलंय. ‘गळतीचे कारण : श्री. देवानंद यांनी केलेला सांधा.’
तिने माझं नाव पहिल्यांदाच लिहिलं. अक्षर फार वळणदार आहे तिचं.