पंचांचा काही दोष नाही

८ सप्टेंबर, सोमवार

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यातला एक रविवार. ओहायोतली आमची दीड खोली, खाली लॉन्ड्री, मी जमिनीवर मसूर निवडत बसलेली. मोहनने ताटातले अकरा मसूर उचलून एका बाजूला मांडले, समोर अकरा चवळ्या. म्हणाला, हा अमेरिकन फुटबॉल, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर बॉल त्यांचा, एवढंच. एवढंच नव्हतं, पण मला कळलं. शेजारच्या खोलीतला यतिन चवळ्यांच्या बाजूने बसला आणि जन्मभर तिकडचाच राहिला. संध्याकाळी बावीसच्या बावीस जण आमटीत गेले.

आज हे आठवलं, कारण सीझन सुरू झाला. आमची टीम तीच, नारिंगी; यतिनची तीच, निळी. आणि पहिल्याच सकाळी किळस आली! आमचा माणूस पास झेलायला उडी मारतोय, मागच्याने त्याचा हात धरून ठेवलाय. असं दिसलं की पंचाने खिशातला पिवळा रुमाल मैदानावर टाकायचा असतो. मला इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगमध्ये चहा पिताना दिसलं. पाच पावलांवरच्या पंचाला दिसलं नाही. रुमाल खिशातच.

हरलो.

९ सप्टेंबर

अजून चीड गेली नाही. पोळी करपवली.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज तर हद्द झाली. समोरच्यांचा पास फेकणारा — जाहिरातीतला, सगळ्यांचा लाडका. आमच्या पोराचा हात त्याच्या खांद्याला लागला असेल-नसेल, तर हा असा कोसळला, जसा जिन्यावरून पडला. लगेच रुमाल. पंधरा यार्ड दंड. पुढच्याच खेळीत आमच्या फेकणाऱ्याला, बॉल हातातून सुटल्यावर, उचलून डोक्यावर आपटलं. रुमाल? नाही. पंच ढगांकडे बघत होता.

शाळेतली सिस्टर फिलोमिना आठवली. थ्रोबॉलला ट्रस्टींच्या भाचीचा पाय प्रत्येक वेळी रेषेवर. मी रेषेजवळ उभी होते, सांगितलं. सिस्टरने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "प्ले ऑन, गर्ल्स." बावन्न वर्षं झाली. ती नजर मी विसरले नाही. नियम माहीत नसणाऱ्याची ती नजर नव्हती.

मोहनला आता मधलं दिसत नाही. कडा दिसतात, मधे करडा डाग. टीव्ही ऐकतो, पण कॉमेंटेटरवर त्याचा काडीचा विश्वास नाही. वादाची खेळी आली की माझ्याकडे वळतो आणि विचारतो, "चित्रा, तुला काय दिसलं?" मी दिसलं तेच सांगते. आपल्या विरुद्ध असलं तरी. ती त्याचीच अट. पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये सव्वीस वर्षं प्लेटा तपासल्या त्याने. केसाएवढी चीर दिसली की प्लेट नापास, मग वरचे कितीही ओरडोत. बघणाऱ्याने बघितलेलं सांगायचं, बाकीचं बाकीच्यांनी बघावं — हे त्याचं वाक्य आमच्या लेकीला, मयूराला लहानपणी पाठ होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

लीगने कळवलं — हो, सोमवारी रुमाल पडायला हवा होता. निकाल अर्थातच तोच. ही कुठली रीत? खून झाला हे मान्य, पण मयताने कृपया मयतच राहावं!

२४ नोव्हेंबर, सोमवार

निळ्यांशी सामना. सात गुणांनी हरलो. म्हणजे पत्र.

हा नियम यतिन आणि मोहनने ओहायोतच केला. नारिंगी आणि निळे भिडले की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला हाताने पत्र लिहायचं, मराठीत, आणि त्यात एक वाक्य आलंच पाहिजे — "पंचांचा काही दोष नाही, आम्ही नीट हरलो." बाकी मजकूर काहीही असो. त्या एका वाक्यापायी मोहन दोन-दोन दिवस जेवत नसे. आजवर त्याने चौदा लिहिली, यतिनने पाच. आलेली मूळ, पाठवलेल्यांच्या नकला, सगळी आमच्याकडे एका फायलीत.

हल्ली मोहन सांगतो, मी लिहिते, तो सही करतो. आज त्या वाक्याशी आलो तर म्हणाला, हे तूच घाल, माझ्या तोंडून निघत नाही. आणि खरंच निघण्यासारखं नव्हतं. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांच्या माणसाने आमच्या माणसाला जर्सीला धरून मागे ओढलेलं. सगळ्या स्टेडियमने पाहिलं. मी मात्र सुबक अक्षरात लिहिलं — पंचांचा काही दोष नाही. कॉन्व्हेंटचं अक्षर. खोटं किती देखणं दिसतं त्यात.

२२ डिसेंबर, सोमवार

हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मोहनचा व्हॉल्व्ह बदलायचा. तीस जानेवारी. किडनी बरी नाही म्हणून धोका नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. ती तरुण डॉक्टर फार प्रेमाने म्हणाली, लेट्स गिव्ह इट अ गो. मोहनने मान हलवली, जणू नवीन दुकानातली बिर्याणी मागवायची आहे.

गाडीत बसून त्याने आधी पट्टा लावला. मग म्हणाला, "यंदा एकदा पत्र यतिनकडून यायला हवं. मग काय व्हायचं ते होवो."

संध्याकाळी टार्निटहून मयूराचा फोन. मी तिला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, रिअली? दॅट्स युअर बकेट लिस्ट?" हसत होती. मग हसणं थांबलं तिचं.

१२ जानेवारी, सोमवार

दोन्ही टीम पुढच्या फेरीत. एकमेकांसमोर. मोहनने यतिनला फोन करून चांगला कागद आणून ठेवायला सांगितलं.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी सातपासून. मोहनने आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता.

अकरा सेकंद उरलेली, तीन गुणांनी मागे. आमच्याने लांब पास टाकला, दुसऱ्या पोराने पालथं पडत, घसरत घेतला. पंचांनी दोन्ही हात वर केले. गुण! मोहन उभा राहिला, मी त्याला धरलं. मग पंचांचं रिप्ले तपासणं सुरू झालं. एक कोन, दुसरा कोन, काहीच कळेना. तिसरा कोन खांबामागचा, दोन सेकंदांचा. कॉमेंटेटर तेव्हा पुढच्या आठवड्याच्या हवेबद्दल बोलत होते. बॉलचं टोक गवतात गेलं. फिरलं. आणि मग पोराचा हात खाली आला.

बॉल जमिनीला असा टेकला की झेल नाही. मसुरांइतका जुना नियम.

पंचांनी निर्णय कायम ठेवला. आम्ही जिंकलो. पण मोहनने टीव्हीकडे तोंड केलंच नव्हतं. तो माझ्याकडे वळून उभा होता.

"तुला काय दिसलं?"

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, ते ऐकू येत राहिलं.

"धरला," मी म्हणाले.

त्याने माझा हात शोधून घट्ट धरला आणि रडला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं असेल, आनंदाचं.

शिसारी येतेय. पण पंचांची कशी येणार? त्यांना तो कोन मिळाला की नाही, देव जाणे. मला मिळाला होता. आणि मी ढगांकडे बघितलं.

२० जानेवारी

शाळेत शुक्रवारी ख्रिश्चन मुली कन्फेशनला रांगेने जायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. आम्हा हिंदू मुलींना तेवढा वेळ शिवणकाम.

२५ जानेवारी, रविवार

यतिन केलीव्हिलहून आला. पत्र घेऊन, स्वतः केलेल्या सुरळीच्या वड्या घेऊन. निम्म्या तुटलेल्या. मोहनला वाचता येत नाही म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. ते वाक्य त्याने कसंबसं वाचलं. पाणी प्यायला, वाक्य पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा स्पष्ट.

"दोनदा वाचलंस," मोहन म्हणाला, "म्हणजे दोन पत्रं धरतो."

मग तो जरा पडला. यतिन स्वयंपाकघरात माझ्याबरोबर कप पुसायला आला.

"वहिनी, टेकला होता."

"हो."

"त्याने विचारलं असेल तुम्हाला."

मी सांगितलं काय म्हणाले ते. त्याने कप पुसून कपाटात ठेवला. भलत्याच कपाटात.

"पत्रात आम्ही दोघं खोटंच लिहीत आलो," तो म्हणाला. "तुमचं मात्र तो खरं धरतो."

रागावून नव्हता म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. जाताना म्हणाला, नो वरीज वहिनी, शुक्रवारी हॉस्पिटलला येतो, डबा आणतो.

२६ जानेवारी, सोमवार

पुढच्या फेरीत अठ्ठावीस गुणांनी हरलो. आज पंचांनी एकही चूक केली नाही. शिव्या द्यायलाही कुणी नाही.

मोहनने दोनदा विचारलं, तुला काय दिसलं. दोनदा खरं सांगितलं. गेल्या सोमवारचं मात्र सांगता आलं नाही. दोनदा तोंड उघडलं, दोनदा चहा विचारला.

२९ जानेवारी, गुरुवार

उद्या सकाळी सहाला हॉस्पिटल. काही झालं तर कुणाला काय द्यायचं, ते मोहन सांगतोय, मी लिहितेय. हाताशी हीच वही होती.

मोठं भिंग आणि बोलणारं घड्याळ — नेत्रविभागातल्या सिस्टरांकडे, ज्याला लागेल त्याला. गाडी मयूराला. यतिनला त्याचं पत्र परत. त्याच्याबरोबर हे दुसरं, माझ्या सहीने: "यतिन, बॉल टेकला होता. तुम्ही जिंकलात. चित्राला विचारायला नको होतं, मी विचारलं."

माझं पेन थांबलं.

"लिही ना," तो म्हणाला. "'धरला' म्हणायला तुला कधी इतका वेळ लागत नाही. त्या सोमवारी लागला."

लिहिलं. हात धरून सही करवली. आणखी एक राहिलं म्हणाला.

पत्रांची फाइल — चित्राला. पुढची तिने लिहायची.