मांडीवरचे शेंगदाणे

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे पलंगावर पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा या खेपेचा नमस्कार खरोखरच साष्टांग आहे.) तुझी कंबर, भाऊजींचा गुडघा आणि तुमचं दोघांचं एकमेकांशी बोलणं, तिन्ही ठीक चालू असतील अशी आशा करतो. आम्ही तिघंही सुखरूप पोहोचलो. सुखरूप हा शब्द लिहिताना जरा थांबलो होतो, पण तो खरा आहे म्हणून राहू दिला. पोहोचल्याचा फोन केला नाही म्हणून तू रागावली असशील. फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि या वेळचं माझं वाक्य लांबलचक आहे. शिवाय निघताना तू फाटकापर्यंत आली नाहीस. तुझी भावजय आपलं पातेलं, आपले चमचे आणि आपली घासणीसुद्धा घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात शिरली, तेव्हाच तुझा चेहरा उतरला होता. आमच्या भांड्यांना काय विष लागलंय का, असं तू भाऊजींना म्हणालीस ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं (तुझा हळू आवाज आपल्या घराण्यात अजून कुणाला हळू वाटलेला नाही). त्याचंच उत्तर द्यायला बसलो आहे. उत्तर असं, की हो ताई, लागलंय. सगळ्यांसाठी नाही, फक्त तुझ्या भाचीसाठी.

तिला आम्ही फौजदार का म्हणतो ते तू आठ दिवसांत पाहिलंसच. साडेसहा वर्षांची मुलगी, पण समोर खायचं काही आलं की तीन प्रश्न विचारल्याशिवाय हात पुढे करत नाही. यात काय आहे, कुणी केलं, चमचा कुठला. तुला तो उद्धटपणा वाटला. हे प्रश्न तिला आम्ही शिकवले, आणि आम्हाला ते एका चमच्याने शिकवले. ती तीन वर्षांची असताना शेजारणीने दाण्याच्या चटणीचा चमचा पुसून तोच खिरीत घातला होता. पुसलेला चमचा, ताई. त्यावर शेंगदाण्याचं कूट किती उरलं असेल? नखावर मावणार नाही इतकं. वीस मिनिटांत पोरीचे ओठ सुजून जाड झाले आणि श्वासाची शिटी वाजायला लागली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिला धड रडताही येत नव्हतं. मी तुला तेव्हा फोनवर एवढंच सांगितलं होतं की तिला जरा बरं नव्हतं. कारण तू म्हणाली असतीस, थोडं थोडं द्या, सवयीने जाईल. तू पुढे तसं म्हणालीसच, दर फोनला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, आम्ही तर पाणीसुद्धा फुंकून पितो. दमतो आम्ही. मी लाजेकाजेने कुणाला सांगत नाही, पण फार दमतो.

आता माझ्या नोकरीबद्दल थोडं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच आला आहे. कापडाच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे हे तू लोकांना अभिमानाने सांगतेस (आणि लोक मला फाटकावरचा पहारेकरी समजतात). माझं खरं काम म्हणजे आग लागली तर काय करायचं याचा सराव लोकांकडून करून घेणं. चौदा वर्षांत एकशे साठ सराव घेतले. त्यात माझा एक नियम आहे: सराव खोटा असला तरी वस्तू खऱ्या जागेवरूनच उचलायची. म्हणजे हाताला सवय लागते. सवय किती लागते ते सांगतो. मागल्या वर्षी चिंध्यांच्या कोठारात खरोखरच धूर झाला. माझी माणसं अडीच मिनिटांत शिस्तीने बाहेर आली, रांगेत उभी राहिली, मोजणी झाली, एकमेकांसाठी टाळ्या वाजवल्या आणि सगळे चहाची वाट बघत थांबले. बंब कुणीच बोलावला नाही, कारण सरावात बंब बोलवत नाहीत. त्यानंतर साहेबांनी मला बोलावलं. ते काय म्हणाले ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

तर फौजदाराला कधी तसं झालंच, तर मांडीत टोचायची इंजेक्शनची दोन पेनं एका लाल पाऊचमध्ये सदैव आमच्याबरोबर असतात. आणखी एक सरावाचं पेन असतं, दिसायला तसंच, पण आत ना सुई ना औषध. टोपण काढायचं, मांडीवर दाबायचं, टक् आवाज आला की दहापर्यंत मोजायचं. त्या पेनाने मी घरातल्या सगळ्यांच्या, दोन शेजाऱ्यांच्या आणि एका पोस्टमनच्या मांडीवर सराव केला आहे (पोस्टमन आता पत्रं खालीच टाकून जातो). तुझ्याकडच्या शेवटच्या सकाळी मी असाच सराव घेतला. माझ्या नियमाप्रमाणे खरी पेनं पाऊचमधून काढली, सरावाचं आत घातलं, आणि खरी दोन डोळ्यांसमोर राहावीत म्हणून मोठ्या बॅगेत, तू दिलेल्या शालीवर, अगदी वरच ठेवली. मग रिक्षा आली, भाऊजी बॅगेवर बसले, चेन लागली आणि आम्ही निघालो. पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

विमानतळावर मी मोठ्या ऐटीत ती बॅग त्यांच्या पट्ट्यावर चढवली आणि लाल पाऊच छातीशी धरून आत गेलो. विमान कंपनीला मी आधी चार फोन केले होते, डॉक्टरांचं पत्र पाठवलं होतं. त्यांनी विनंती नोंदवली आहे असं दर वेळी सांगितलं (कुठे नोंदवली ते सांगितलं नाही). आत गेल्यावर आमच्या सीटा, सीटांचे हात, समोरची जेवणाची फळी, खिडकीची कड, सगळं तुझ्या भावजयीने ओल्या फडक्याने पुसून काढलं. मागच्या रांगेतल्या बाई कौतुकाने म्हणाल्या की झाल्यावर इकडेही या. मी हवाईसेविकेला पत्र दाखवलं. पोरगी गुणी होती. तिने लगेच घोषणा केली, की विमानात एका लहान मुलीला शेंगदाण्याची गंभीर अ‍ॅलर्जी आहे, तरी प्रवाशांनी कृपया शेंगदाणे उघडू नयेत. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. तिने वर आमच्या सीटचा नंबरही सांगितला.

लोक वाईट नसतात, ताई. आमचं घोडं तिथेच अडतं. वाईट लोकांपासून मला पोरीला वाचवता येतं. घोषणा संपते न संपते तोच पुढच्या रांगेतले एक निवृत्त हेडमास्तर उठले आणि खाऱ्या शेंगदाण्यांचं पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, हे तुमच्याकडेच ठेवा, माझा मोह अनावर आहे. मला वाटलं एकच आहे, ठेवून घेऊ. पण एकाने दिलं म्हटल्यावर बाकीच्यांना राहवेना. कुणी चिक्की आणून दिली, कुणी भाजक्या शेंगांची पुरचुंडी. एका आजीबाईंनी तर उघडलेलं पाकीट रबर लावून दिलं आणि पोरीला आशीर्वाद दिले. पुसलेल्या सीटवर, पोरीपासून एका हातावर, मी मांडीवर सव्वा किलो शेंगदाणे घेऊन बसलो होतो. चौदा वर्षांच्या सेवेत इतका धोकादायक माल मी एका जागी साठू दिला नव्हता. बाजूने जाणारा एक गृहस्थ तर मला विचारून गेला, की यातलं एक पाकीट केवढ्याला.

हवाईसेविकेने तो सगळा ऐवज शेवटी पिशवीत बांधून मागे नेला. मी तिघांचे हात, माझी पँट, सगळं पुन्हा पुसलं. आणि विमान चांगलं वर गेल्यावर फौजदार खोकली.

एकदा खोकली, मग पुन्हा. गाल बघतो तर लालभडक. ताई, माझी पाचावर धारण बसली. एकशे साठ सराव कुठे गेले कळलं नाही. पाऊच उघडलं, हात घातला, आणि हाताला लागलं ते टोपणाचा रंग उडालेलं, आपलं नेहमीचं, सुई नसलेलं पेन. एकच. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तुझी शाल डोळ्यांपुढे आली. ती आमच्या पायांखाली, सामानाच्या पोटात, कुलूप लावून होती.

खोकला पाण्याचा होता. ठसका लागला होता. गाल खिडकीला टेकून झोपल्यामुळे लाल झाला होता. हे मला कळायला दोन मिनिटं लागली, आणि त्या दोन मिनिटांबद्दल मी काही लिहिणार नाही. मग हळूच जाऊन हवाईसेविकेला खरं सांगितलं. ती म्हणाली औषध आमच्या पेटीत आहे, पण द्यायला डॉक्टर लागेल. तिने सीटोसीट हळूच विचारून एक डॉक्टर शोधले. ते गुरांचे निघाले. भला माणूस, आमच्या मागच्या रिकाम्या सीटवर येऊन बसला, पोरीचं वजन विचारलं आणि मला म्हणाला, काळजी करू नका, मी याच्या वीसपट वजनाला दिलेलं आहे.

तुला वाटेल, या सगळ्यात तुझी भावजय कुठे होती. शेजारीच होती. झोपली होती. फडकं हातात, तोंड उघडं, पर्स काखेत गच्च धरलेली (आत काय जपते देव जाणे, जुन्या पावत्या असतील). साडेतीन वर्षांत ती घराबाहेर अशी झोपलेली मी पाहिली नव्हती. खरं म्हणजे घरातही नाही. पोरीने कूस बदलली की ती उठून श्वास ऐकते. तिला उठवून मी काय सांगणार होतो? मी उठवलं नाही. पुढचे पावणेदोन तास पोरीच्या ओठांकडे बघत बसलो. ती मला म्हणाली, "बाबा, सराव चाललाय का?" मी हो म्हटलं. "मग मोज ना," म्हणाली आणि ते पेन माझ्या मांडीवर दाबून धरलं. आम्ही दहापर्यंत मोजलं. मग पुन्हा दहापर्यंत. विमान उतरेपर्यंत आम्ही दहा दहाच मोजत होतो.

बॅग आल्या आल्या मी तिथेच जमिनीवर उघडली. पेनं शालीवर जशीच्या तशी होती. तेव्हापासून पाठ धरली आहे. यापुढे विमानात पाऊल ठेवणार नाही, हे मी लिहून देतो. भाऊजींना नमस्कार. तू रागावली असलीस तरी उत्तर पाठव.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – सोबतच्या डबीत ते सरावाचं पेन तुला पाठवतो आहे. भाऊजींच्या मांडीवर रोज दोनदा सराव कर. गुडघ्याच्या पायावर नको, दुसऱ्या. ते ओरडले तर नाटक करताहेत असं समज, त्याला सुई नाही.

ता. क. २ – सराव पुरा झाला की आठ दिवस आमच्याकडे येशील का? फौजदाराला तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे सोपवायला माझा जीव धजत नाही. तू ज्याचा हात धरतेस त्याला सोडत नाहीस, हे मी लहानपणी भोगलं आहे. तुझ्या भावजयीला फक्त झोपू द्यायचं आहे. विमानाने ये. विमानात शेंगदाणे दिले तर तिथेच खा आणि उतरल्यावर हात धू, साबणाने, दहा आकडे मोजून.

ता. क. ३ – पेनाचा प्रकार तुझ्या भावजयीला कळता कामा नये. तिची ती एक झोप मला नासवायची नाही.

*

वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, तेव्हा पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. (चिकटलेलं होतं.) माझ्या पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत, तिसरं खरं पेन साडेतीन वर्षं असतंच, मुदत संपली की नवं घेते. ते सगळ्यांच्या सुरक्षेकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. काखेत कळसा होता, फक्त काख माझी होती. सामानाच्या थंडीत औषध बिघडलं असेल म्हणून ती दोन मी गुपचूप बदलून आणली आहेत. हे त्यांना आत्ता सांगू नका, सावकाश मीच सांगेन. मी झोपले ती पर्समधल्या पेनाच्या भरवशावर नाही. शेजारी ते जागे होते म्हणून झोपले.

तुमच्या भांड्यांवरून वाईट वाटलं असेल तर माफ करा. मला ते तोंडाने सांगता आलं नाही. तुम्ही याच. पातेलं तुमचं आणलंत तरी चालेल, आपण दोघी मिळून घासू.