नुसतं बसवलेलं छप्पर

दादा,

माझ्या घराचं छप्पर तू घातलंस तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "भिंतीला बांधलंय ना?" तू म्हणालास, "मस्त बसवलंय गं." परवा पुन्हा विचारलं, तर "घट्ट बसवलंय." 'बांधलंय' हा शब्द काही तुझ्या तोंडून निघत नाही.

वादळ छप्पर ढकलत नाही, उचलतं, म्हणून ते लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला बांधायचं, हे तूच मला शिकवलंस. पट्ट्या बघाव्यात तर खालून सगळं सीलिंग ठोकलेलं, तेही मी न मागता. तुझ्यासारखा चिक्कू माणूस आपणहून काही देतो तेव्हा मनात पाल चुकचुकतेच. वहिनी म्हणते, मी उगाच संशय घेते. घेत असेन.

पण आज वादळाचा इशारा आला आणि पाठोपाठ तुझा फोन. "दोन दिवस आमच्याकडे राहायला ये. मुलं सारखी आत्या, आत्या करतायत."

मुलं हॉस्टेलवर आहेत, दादा.

बॅग भरली आहे. हे पत्र पाठवत नाही, इथेच टेबलावर ठेवून येते. छप्पर राहिलं तर परत येऊन फाडीन. गेलं तर वारा पोचवेलच तुझ्यापर्यंत.

तुझी, अजून तरी,
धाकटी