चारशे सतरा नंबरचा टॉवेल

सांगली,
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. लीला हिस,
नानासोचे आशीर्वाद.

मी इथं खुशाल आहे. तूही बरी असशील, गुडघ्याला तेल लावत असशील. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, उजव्या डोळ्यानं आता लांबची पाटीसुद्धा वाचता येते. दीपमाला रजा काढून बापाचं सगळं करते. लोणंदला कधी परतायचं ते डॉक्टर बुधवारी सांगणार आहेत. इथं हळदीचा हंगाम सुरू झालाय. मार्केट यार्डाच्या रस्त्यानं नुसतं जाऊन आलं तरी कपड्यांना वास लागतो. तुमच्या कवठे महांकाळला पाणी टिकून आहे ना? शेळी व्याली का?

रोजचा फोन असताना दादानं पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी मधेच गप्प झालो की तू विचारतेस, "दादा, आवाज येतोय न्हवं?" आणि मग मी भलतंच काहीतरी बोलायला लागतो. असं मी लय वेळा केलंय. म्हणून कागद घेतला. सोनम नावाची मुलगी हे पत्र घेऊन येईल. दीपमालाची मैत्रीण आहे, मुलांना फ्रेंच शिकवते. तिला चहा दे आणि तू आत बसून एकटीच वाच. पाणी जवळ ठेव.

काल संध्याकाळी दीपमालानं मला नाटकाला नेलं. तिच्या हौशी नाटक मंडळानं फ्रान्सचा एक नट बोलावलाय. बास्तियाँ देलूव्ह त्याचं नाव. मला ते नीट म्हणता येत नाही. नव्या डोळ्यानं काहीतरी बघा आबा, म्हणाली. मी म्हटलं, मला फ्रेंच कुठलं कळायला? तर बाजूच्या पडद्यावर मराठी ओळी दिसतात म्हणाली. त्या सोनमनं लिहिल्या होत्या.

पडदा उघडला आणि बेचाळिशीचा, आपल्यासारखा सावळा, सडपातळ माणूस पुढं आला. मला वाटलं हा इथलाच कोणीतरी, नट मागून येईल. तोच नट होता. दीड तास एकटा बोलला.

त्यानं स्वतःचीच हकिगत सांगितली. तान्हेपणी त्याला पुण्याच्या एका अनाथाश्रमातून फ्रान्सला दत्तक नेलं. उत्तरेकडचं एक छोटं गाव, तिथं त्याची आई शाळेत स्वयंपाक करायची, वडील दुधाचा टँकर चालवायचे. लय जीव लावला म्हणाला. साऱ्या गावात सावळं पोर हे एकटंच. नाताळच्या नाटकात तीन राजे येतात, त्यातला एक काळा असतो. ते काम दरवर्षी न विचारता त्याला. सात वर्षं तोच राजा केला, आणि तिथंच नाटकाची गोडी लागली. पुढं पॅरिसच्या नाट्यशाळेनं दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा घेतला. मग सिनेमे. बारा वर्षं टॅक्सीवाला, वेटर, बॉम्ब ठेवणारा, नाहीतर पेशंट दगावल्याचं सांगायला येणारा डॉक्टर. "अठरा सिनेमांत मी मेलो, त्यातल्या अकरांत पहिल्या अर्ध्या तासात," असं म्हणाला तेव्हा सगळं थिएटर हसलं. मीसुद्धा हसलो. नंतर एका दिग्दर्शक बाईनं त्याला नाटकात म्हाताऱ्या राजाचं काम दिलं. त्याचे एकशे साठ प्रयोग झाले. मग रेल्वेच्या सिग्नलमनवर एक सिनेमा आला, त्याला तिकडं मोठं बक्षीस मिळालं.

हसताना त्याची डावी भुवई मधेच तुटल्यासारखी दिसत होती. मी ते पाहिलं आणि मनाला म्हटलं, असतात अशी माणसं.

मग तो म्हणाला, तीन वर्षांपूर्वी आई वारली, तेव्हा तिच्या कपाटात हे सापडलं. आणि पेटीतून त्यानं एक टॉवेल काढून प्रकाशात धरला. हिरवा, मिलिटरीचा. कोपऱ्यात काळ्या पक्क्या शाईनं आकडे होते, चार एक सात. त्याला याच टॉवेलात गुंडाळून आश्रमात आणला होता. आश्रमाच्या कागदावर एवढंच लिहिलंय: तारीख ७ मार्च १९८३, आणणारा फौजी माणूस, मुलाचं वय दोन दिवस, आई मयत. हा चारशे सतरा म्हणजे काय, हे शोधण्यात त्याची तीन वर्षं गेली. खोलीचा नंबर? बसचा? की त्या आश्रमातलं मी चारशे सतरावं मूल?

लीला, पलटणीत कपडे हरवू नयेत म्हणून आम्ही आमच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे त्यांवर घालतो. बेळगावला ट्रेनिंगला असताना माझ्या सगळ्या कपड्यांवर मीच घातले होते. चारशे सतरा मी आहे.

तेवढ्यात त्यानं तो टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो मी झाला. फौजी चालीनं चालला. हाताच्या घडीत पोर घेऊन आश्रमाच्या पायरीशी आला. त्याला अंगाई म्हटली, कपाळाचा मुका घेतला. पोर दिलं आणि फाटकापर्यंत जाताना सात वेळा मागं वळून बघितलं. शेवटी फाटकाला धरून लहान मुलासारखा रडला. थिएटरात सगळीकडं हुंदके. दीपमाला डोळे पुसत माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आबा, कोण असंल हो तो माणूस?"

मी म्हटलं, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली, घरी चल.

लीला, आता पुढचं लिहितो. तीन वेळा पेन खाली ठेवला.

तू मावशीच्या घरी बाळंत झालीस. तुला दोन दिवस तापात शुद्ध नव्हती. शुद्धीवर आलीस तेव्हा आईनं सांगितलं, पोर पोटातच गेलं होतं, नानानं पुरलं. मी पुढच्या रजेवर आल्यावर तुला ओढ्याकाठची जागा दाखवली, वर दगड ठेवलेला. तू बेचाळीस वर्षं त्या दगडावर दूध घालत आलीस. लालासाहेब दाजी जिवंत होते तेव्हा तेही तुझ्याबरोबर यायचे. तुम्हाला पुढं मूल झालं नाही, आणि तू मला एकदा म्हणालीस, "माझं एक हाय की तिथं, वड्याकाठी."

त्या दगडाखाली काही नाही. कधीच नव्हतं. पोर चांगलं मोठ्यानं रडत जन्मलं होतं. मी ते नेलं आणि दगड मीच ठेवला.

आईनं सांगितलं म्हणून केलं, असं इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो. आई गेली, मावशी गेली, तेव्हा त्यांच्या माथी मारणं सोपं झालं. पण खरं ते लिहितो. माझी सोयरीक ठरली होती. पुढच्या महिन्यात साखरपुडा होता. लग्न न झालेली बहीण बाळंत झाली हे कळलं असतं तर ते मोडलं असतं. मी चोवीस वर्षांचा धडधाकट जवान, मला भीती वाटली आणि मी तुझं पोर उचललं. मुलाचा बाप कोण, हे आम्ही तुला धड विचारलंही नव्हतं, नुसतं मारलं होतं.

आज सकाळी मी सोनमला गाठलं आणि तिच्याबरोबर त्याच्याकडं गेलो. तो कृष्णेच्या घाटावर बसून कागदातलं भडंग खात होता, आपल्या पोरांसारखा मूठ भरून. मला बघून उठला, नमस्कार केला. मी खिशातून माझं जुनं फौजी कार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि नंबराच्या शेवटच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

तो किती वेळ ते कार्ड बघत होता सांगता येत नाही. भडंगाचा कागद हातातून पडला. मग त्यानं काही विचारलं आणि तिनं मला सांगितलं, त्या दिवशीचं सगळं सांगा म्हणतायत.

मी सांगितलं. मिरजेहून गाडी, डब्यात गर्दी. पोर भुकेनं निळं पडायला लागलं. समोर मेंढरंवाल्यांतली एक बाई बसली होती, रंगुबाई, तिच्या अंगावर मूल होतं. तिनं विचारलं, आई कुटं हाय ह्याची? मी म्हटलं, मेली. तिनं काही न बोलता त्याला पदराखाली घेतलं आणि पुण्यापर्यंत दोनदा पाजलं. तेच आश्रमात सांगितलं, आई मेली म्हणून. अंगाई म्हटली नाही. मुका घेतला नाही. मागं बघितलं नाही. स्टेशनात येऊन मिसळ खाल्ली आणि पलटणीची गाडी पकडली.

"तुम्ही रडला होता का?" त्यानं सोनमकडून विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं.

तो पाण्याकडं बघत हळू बोलला. सोनमला ते मराठीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. "चौऱ्याऐंशी प्रयोगांत मी यांना रडवलं. आता ते बदलावं लागेल."

लीला, त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, कानाखाली मारली असती, तर मी घरी येऊन जेवलो असतो. तो मला मनानंच रचून रचून चांगला करत होता गं, परक्या देशात, शेकडो लोकांसमोर. आणि मी तसा नव्हतो.

त्याला तोवर वाटत होतं की कागदावरचं खरं आहे. मी म्हटलं, तुझी आई मेलेली नाही, ती माझी बहीण आहे. सोनम सांगायचीच थांबली, माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, सांग त्याला. तिनं सांगितलं. तो घाटाच्या पायरीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी शेजारी बसलो नाही. तेवढी माझी लायकी नव्हती.

मग त्यानं तुझ्याबद्दल विचारलं. काय करते, कशी दिसते, रागीट आहे का, गाते का. मी सांगितलं, शेळ्या राखते, दोन एकरांत ज्वारी करते, राग लय आहे पण दाखवत नाही, जात्यावर बसली की गायची, आता जातं नाही. सोनमनं तुझा फोटो माझ्या फोनवर दाखवला. त्यानं आधी तुझ्या भुवईवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या.

तो पुढच्या रविवारपर्यंत सांगलीत आहे. दोन प्रयोग अजून व्हायचे आहेत. मी म्हटलं, आत्ता गाडी करतो, तासा-दीड तासात पोचू. तर तो नाही म्हणाला. म्हणाला, एकदा मला तिला न विचारता नेलं. आता तिला विचारल्याशिवाय कोणी मला तिच्याकडं नेणार नाही. तिनं बोलावलं तर येईन, आणि हे नसतील तेव्हा येईन. 'हे' म्हणजे मी.

दुपारी दीपमालाला सगळं सांगितलं. तिच्या आईबरोबरच्या लग्नासाठी मी हे केलं, हेही सांगितलं. साडेतीनला ती आली, डोळ्यात थेंब घातले आणि आत गेली.

तू काय करावंस हे सांगायचा मला अधिकार नाही. माफी मागायला कागदावर शब्द सापडेना, आणि सापडला तरी बेचाळीस वर्षांपुढं तो केवढासा. एवढंच मागतो, माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस. सोनम परत येईपर्यंत तो तिच्या फोनची वाट बघत बसलेला असेल. हो की नाही, ते तिलाच सांग. मला कळवलं नाहीस तरी चालेल. ओढ्याकाठचा दगड राहू दे की काढू दे, तेही तूच ठरव. मी त्याला आता हात लावणार नाही.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'तुझा दादा' लिहीत आलो. आज ते लिहवत नाही.

नानासो