शोकेसमधला मुकुट

मी, वसुंधरा कमलाकर चौबळ, वय ७६, धंदा नृत्यशिक्षण, राहणार वडाळे तळ्याजवळ, पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांचा दिला नाही, तेही खरंच आहे.

१. यजमान गेले, मूलबाळ नाही. कामोठ्याचा तळमजल्यावरचा फ्लॅट, जिथे माझा भरतनाट्यमचा वर्ग भरतो, तो माझी शिष्या रेवा हिला द्यावा. वर्ग चालू राहिला पाहिजे. वार्षिक कार्यक्रमात पाहुण्यांची भाषणं नाचापेक्षा लांबली तर माइकची वायर उपटण्याचा अधिकार मी तिला देत आहे.

२. घुंगरं वर्गातल्या मुलींना. ताल द्यायची काठी रेवाला. तिने ती पाटावरच आपटावी. माझ्या हातून ती एकदोनदा पायांवर बसली आहे, त्याबद्दल त्या मुलींची माफी मागते.

३. शेजारच्या देशांशी नृत्याची देवाणघेवाण करण्यासाठी स्थापन झालेल्या 'शेजारस्नेह मंडळा'ची मी बावीस वर्षं चिटणीस आहे. मंडळाने सत्कारात दिलेल्या एकतीस शाली मंडळाला परत. त्यातल्या काही मला दोनदा मिळाल्या आहेत, त्यामुळे त्यांना रस्ता माहीत आहे. काठमांडूला आमचे नऊ पदाधिकारी आणि दोन नर्तकी गेल्या होत्या. रुद्राक्षांच्या खरेदीची बस खोळंबली म्हणून मुलींना नाचायला बाराच मिनिटं मिळाली. परत आल्यावर अहवाल लिहिला गेला, त्यात रुद्राक्ष तीनदा येतो आणि नाच एकदाही येत नाही.

४. मंडळाचे अध्यक्ष दिनानाथराव यांना काहीही ठेवलेलं नाही. यात राग नाही. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये असं वकील म्हणतात, आणि मला ते साक्षीदार हवेत. वर्गाचे पोशाख सांभाळणारी कोन गावची कुमुद हिलाही त्याच कारणाने काही नाही. तिची पैठणी मी जिवंतपणी हातात देईन.

५. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते. २००६ साली मंडळाच्या निमंत्रणावरून श्रीलंकेतल्या कँडीजवळच्या गावाहून नर्तक जयतिस्स आले. त्यांच्या नाचाचा चांदीचा मुकुट असतो, कपाळावर पिंपळपानं रुळणारा. वर्षानुवर्षं शिकल्यावर मुहूर्त बघून गुरू तो डोक्यावर बांधतो, तेव्हा कुठे माणूस नर्तक होतो. हा मुकुट जयतिस्सांच्या वडिलांचा होता. तो लोकांना दाखवावा म्हणून त्यांनी व्यासपीठावर पेटी उघडली.

आमच्याकडे व्यासपीठावर कोणी डोक्यावर घालायची वस्तू बाहेर काढली की अध्यक्षांची मान आपोआप खाली जाते. सत्कारातल्या पगड्यांनी ती सवय लावली आहे. दिनानाथरावांनी मान वाकवली, खजिनदारांनी मुकुट उचलून त्यांना घातला, फोटो निघाला. जयतिस्स हात जोडून उभे राहिले. पाहुण्याने यजमानाच्या डोक्यावरून वस्तू काढायची तरी कशी?

पडद्याआडून कुमुद मला म्हणाली, "बाई, त्याच्या बापाचा मुकुट हाय तो. आपल्याला द्यायला नाय आणला त्यानी. तुमी बोला ना!"

माइक माझ्याच हातात होता. मी म्हणाले, "जोरदार टाळ्या!"

त्या दिवशी जयतिस्स नाचले नाहीत. पाय मुरगळला असं त्यांनी सांगितलं. मंडळाने त्यांना मलम दिलं. मुकुट दिनानाथरावांच्या शोकेसमध्ये गेला.

६. गेल्या वर्षी शोकेसला पॉलिश करताना मुकुट सांभाळायला माझ्याकडे आला होता. मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून हुबेहूब तसाच मुकुट कागदी लगद्याचा करून घेतला आणि तोच परत पाठवला. दिनानाथराव तेव्हापासून पाहुण्यांना सांगतात, "हातात घेऊन बघा, अस्सल चांदी किती हलकी असते!" खरा मुकुट माझ्या कपाटात, नऊवारीत गुंडाळलेला आहे. मी गेल्यावर रेवाने तो जयतिस्सांना नेऊन द्यावा.

तसं मी त्यांना कळवलंही होतं. त्यांचं उत्तर आलं: "मुलगा तयार आहे. मुकुट आला की मुहूर्त काढू. घाई नाही."

घाई नाही, असं ब्याऐंशी वर्षांचा माणूस लिहितो. म्हणजे त्या मुलाचा मुहूर्त माझ्या मरणावर अडलाय, आणि मी मात्र गावात चोर म्हणवून घ्यायला नको म्हणून मरायची वाट बघत बसले आहे. हे लिहिताना मला माझी लाज वाटली.

७. सबब कलम ६ मधली शेवटची सूचना रद्द. शुक्रवारच्या विमानाची दोन तिकिटं रेवाने काढली आहेत. मुकुट मी स्वतः नेते आहे. एकोणीस वर्षांपूर्वी बोलायचं राहिलेलं वाक्य माइकशिवाय बोलेन. तिथे कोणी शाल काढलीच तर मान वाकवणार नाही.

८. माझ्या शोकसभेत भाषण नको. मुलींनी नाचावं, आणि बारा मिनिटांत आटपू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

वसुंधरा कमलाकर चौबळ
पनवेल, दि. ९ सप्टेंबर २०२५

साक्षीदार:
१. दिनानाथ (अध्यक्ष, शेजारस्नेह मंडळ). न वाचता सही केली. "पेन असं धरू का? फोटोत कागद दिसू दे," एवढंच म्हणाले.
२. कुमुद, रा. कोन. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, मग सही केली. म्हणाली, "बोललात एकदाच्या, बाई."