वाडीतले कावळे जेवेनात

मंगळवार, ५ जानेवारी १८९७
गिरगावातील समस्त काकसमाजाविरुद्ध तक्रार. आज तिसरा दिवस. कौलांवर ठेवलेला रोजचा काकबळी तसाच वाळतो आहे. तूपभात, वर लिंबाची फोड. तरी नाक मुरडतात! कुटुंबाचे मत : "मामंजींची काहीतरी इच्छा राहिलीय." असेल. हयातीतही वडिलांना आमच्याकडचा भात पसंत नसे.

बुधवार, ६
वडिलांच्या आवडीचे घारगे तळले. कावळे फिरकले नाहीत. यमूने चार खाल्ले. पहिल्या बाळंतपणाला आली आहे पोर, आठवा लागला. म्हणते, "बाबा, आजोबांना माझ्याच पोटी यायचं असेल. म्हणून मला भूक!" आईने दटावले. मी हसलो.

शुक्रवार, ८
निष्फळ संशोधनाला शास्त्रात कावळ्याचे दात शोधणे म्हणतात. मी तेच करायला निघालो. वर्तमानपत्राला एक टिपण होईल. कावळे सापडले. वाडीमागच्या गटारावर, शेकड्याने, माना खाली घालून. जवळ जातो तोच खोताच्या वाडीकडे पाटी घेऊन निघालेली कोळीण ओरडली, "अवो शास्त्रीबाबा, म्होरं नका जाव! उंदरां मेलीत. कावल्यांचं प्वाट भरलंय, तुमचा भात कोन खातंय?"
उंदरांच्या अंगावर जखमा नाहीत. मांजराचे काम नव्हे. एक जिवंत, भर उन्हात, झिंगल्यासारखा माझ्या जोड्यापाशी आला. मला भ्यालाच नाही. असे का?

शनिवार, ९
शेजारचे तात्या हळूच म्हणाले, "मांडवीलाही आधी उंदीरच पडले, मग माणसं, गाठीच्या तापानं. पण बोलू नका हो. सरकारी माणसं येऊन घरं रिकामी करवतील." वाडीकरांनी मेलेले उंदीर फावड्यांनी भरून लांब टाकले. मीही एक पाटी धरली. टिपण लिहिले नाही. धुरावरून अग्नी ओळखायला शिकलो होतो. कावळ्यावरून काय ओळखायचे ते आज कळले.

सोमवार, ११
कोकणात हलू म्हटले. कुटुंब : "आठव्यात वेस ओलांडत नाहीत. आणि आगबोटीचे हिसके तिला सोसतील?" 
दुपारी लाकडांच्या राशीमागे एक मेलेला उंदीर सापडला. आमच्याच स्वयंपाकघरात. कागदात गुंडाळला. यमू हातभर अंतरावर तांदूळ निवडत होती. "काय हो बाबा?" "काही नाही." कुटुंबालाही अजून सांगितलेले नाही.
नेले तर वाटेत काही होईल, ठेवले तर इथे. मला यमूच्या जिवाची भीती वाटते. काय करावे, खरेच कळत नाही.