उपस्थिती शून्य

सोमवार, ३
एका तासाचं व्याख्यान, श्रोते नऊ, आणि त्यासाठी सभागृह एक्कावन्न तास गरम. शनिवारी लावलेला हीटर बंद करायला आज सोमवार उजाडला. म्हणजे पन्नास तास रिकाम्या खुर्च्यांनी ऊब खाल्ली! माझ्या मेहुण्याने, बायकोच्या धाकट्या भावाने, मला बोलावलं ते यासाठीच. तो या फिल्म-संग्रहालयाचा व्यवस्थापक. पक्कड कशी धरायची हे मीच शिकवलं त्याला. आता टाय लावून मला इमारत दाखवत होता. मजा वाटली. वर सभागृह, तळघरात जुन्या फिल्मच्या रिळांची शीतखोली, उणे पाच अंश. इथली यंत्रं नि पाइप सांभाळणारे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना काका म्हणतात, पाइपावर पाना वाजवून बिघाड ओळखतात. तीन ठोके, थांबून एक. माझ्यासारखाच कानाचा माणूस. मला म्हणाले, आलास तर ये बाबा, पण माझ्या पाइपांना शहाणपण शिकवू नकोस.

गुरुवार, ६
जमलं! बुकिंगच्या कॅलेंडरला तापमान जोडलं. कार्यक्रमाआधी तासभर सभागृह आपोआप तापतं, लोक गेले की निवतं. अंगाच्या उबेवर माणसं मोजणारा गणक खोलीखोलीत बसवला, आकडा दाखवायला दाराच्या आत-बाहेर एकेक पाटी. शीतखोलीचं दारही कॅलेंडरवर टाकलं: नोंद चालू, तोवर कुलूप. गारवा गळतो म्हणून मेहुण्याने आतली कडी काढायला लावली. काका कुरकुरले, आत माणूस अडकला तर? मी छाती ठोकून सांगितलं, एक माणूस जरी आत असला तरी माझी यंत्रणा त्याला मोजेल आणि दार उघडेल. चाचणी सभागृहात घेतली, झकास. गणकाचं माहितीपत्रक मेहुणा वाचायला घेऊन गेला. मी कसली पत्रकं वाचतो? तीस वर्षं बोटांनी वाचत आलोय.

सोमवार, १०
काका आले नाहीत. मेहुणा म्हणतो, लेकीकडे गेले, कायमचे. न सांगता? झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, शुक्रवारी दोघांची चांगलीच जुंपली होती. सभागृह परस्पर भाड्याने देतोस, वरिष्ठांना कळवतो, असं काका त्याला बोलले म्हणे. काकांचा डबा अजून कपाटात आहे.
अकराच्या सुमारास पाइपात ठोके. तीन, थांबून एक. धावत तळघरात गेलो. शीतखोलीच्या पाटीवर उपस्थिती शून्य. मेहुणा हसला; म्हणाला, भावोजी, स्वतःच्याच यंत्रावर विश्वास नाही होय? पटलं मला. कान माझे, यंत्रही माझं. मी यंत्राचं ऐकलं.

बुधवार, १२
ठोके रोज अकराला. उणे पाचात इतके दिवस कोण — पाटी शून्य. शून्यच.
आज कॅलेंडर उघडलं. शीतखोली, शुक्रवारी रात्री नऊपासून नोंद. संपायची वेळ कोरी. नोंद करणारा — मी.
मी तेव्हा घरी जेवत होतो. पासवर्ड एकट्या त्याला दिलेला. घरचाच म्हणून.

गुरुवार, १३
नोंद खोडली. दार उघडलं. काका पाइपाशी बसलेले, कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून. पाना मुठीत थिजलेला. पाइपावर पोचेच पोचे — मोजवेनात.
मागे दार लागलं, कुलूप खटकलं. नोंद कुणीतरी पुन्हा चढवली.
मोबाइल वर, चार्जिंगला. ही वही तेवढी खिशात.
अकरा. ठोके. काकांचा हात हलत नाही. तीन — थांबून —
बाहेर बुटांचा आवाज. त्याचाच. ही चाल मी तो शाळेत होता तेव्हापासून ओळखतो. हाका मारल्या. दारापलीकडून हळूच म्हणाला, भावोजी, ताईची काळजी करू नका.
आणि गेला. जिना चढून. सावकाश.
कोट काढला. शर्टही. उघडी छाती गणकासमोर. आतल्या पाटीवर शून्य.
गणक भिंतीतून उपटला. पाठीवर बारीक अक्षरं छापलीत — शून्य अंशाखाली माणसं मोजत नाही —